ट्रायल बाकी आहे

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, आत रबराची पाल नाही. हवं तर आधी झटकून बघ. फोनच करणार होतो, पण मी फोनवर काहीही सांगितलं की तू "काड्या, पुरे आता" म्हणून ठेवून देतेस. तुझंही चुकत नाही म्हणा. म्हणून लिहितोय. माझं शुद्धलेखन तुला माहीतच आहे, जिथे हसू येईल तिथे हस.

घरी ठीक आहे. पप्पा गेल्यावर तू एक दिवस येऊन गेलीस, तेव्हा जसं होतं तसंच. आई जेवते, मी जेवतो. दुकान उघडतो आणि पप्पांनी शिवून ठेवलेले कपडे ज्याचे त्याला देतो. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, टेलरमास्तर कुठे गेले? मी म्हटलं, बाहेर गेलेत. गंमत म्हणून नाही गं, तोंडातून तेच आलं. तो म्हणाला, मग संध्याकाळी येतो. बरं म्हटलं. तो आलाही, आणि मी त्याला पँट दिली. मला अजून रडू आलेलं नाही. गॅसवर दूध ठेवून त्याकडे बघावं तशी आत्या माझ्या तोंडाकडे बघत बसते. मीही वाट बघतोय, पण उतू काही जात नाही.

बातमी आपण शेडमध्ये बांधायला घेतलेल्या गाडीची आहे. काका रविवारी टेम्पो आणून ती घेऊन जाणार होता. इंजिन चालू होतं, ब्रेक लागतात, दिवे पेटतात, फक्त ड्रायव्हरची सीट बसवायची राहिली आहे. तळाला चार भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे, झालं. पण काका म्हणाला, भोकं तू पाडू नकोस, सीटच्या किटसोबत आलेली, सीट मागेपुढे करायची सरकती रेल मी लावतो, म्हणजे घरातलं कुणीही चालवेल. आईने हो म्हटलं. तिला मागची शेड रिकामी झालेली हवी होती. मीही हो म्हटलं. मी सध्या सगळ्यालाच हो म्हणतो.

त्या रेलवरून तुझं आणि पप्पांचं काय झालं होतं ते मी विसरलो नाहीये. रेल लावा, म्हणजे सगळ्यांना चालवता येईल, असं तूही म्हणत होतीस. पप्पा म्हणाले, रेल म्हणजे रेडिमेडवाल्यांची सोय, मी आयुष्यात मापाशिवाय काही शिवलं नाही, गाडी पण मापाचीच होणार. कुणाच्या मापाची, असं तू विचारलंस. ते म्हणाले, जो बनवतो त्याच्या. मग तू म्हणालीस, छान, तुमची तुम्हीच घाला, आणि नोकरीच्या गावी निघून गेलीस. रेल भंगाराच्या खोक्यात गेली. तुम्ही दोघं एकाच ताग्यातलं कापड, दुसरं काय.

आधी किती मजा होती. पप्पा सगळं इंचात सांगायचे, कॉम्प्युटरवर कॅडच्या ड्रॉइंगमध्ये माप होतं मिलिमीटरचं, आणि मी तसेच आकडे टाकत गेलो. तू गाडी उघडून बघितलीस तर काडेपेटीत मावेल एवढी. पप्पा म्हणाले, चला, पार्किंगचा प्रश्न मिटला. मग तू टेपने त्यांची मापं घेऊन त्यांचाच एक पुतळा कॅडमध्ये बसवलास. मी त्याला मिशा काढल्या, पायात सपाता घातल्या आणि नाव ठेवलं शेठ. शेठचा पाय बदलला की पेडल आपोआप सरकायचं, हात बदलला की स्टेअरिंग. ते सगळं तूच बांधून ठेवलं होतंस. तू गेल्यावर मी नुसता धडपडत शिकलो. पत्रा कापायच्या आधी पप्पा पुठ्ठ्याचं कटिंग करायचे आणि त्यावरून पत्र्यावर कपड्याच्या खडूने खुणा करायचे. शेडमध्ये वेल्डिंगचा वास आणि पप्पांच्या कानाला खडू.

आजारी पडल्यावर ते खूप बारीक झाले. एक दिवस अंथरुणातून म्हणाले, शेठची मापं नव्याने घाल. टेप गळ्यातच होती, पण ती त्यांनी काढली नाही. दुकानात गिऱ्हाइकासमोर सांगायचे तशी डोळे मिटून मापं सांगत गेले आणि मी टाकत गेलो. खांदा कमी, कंबर कमी, नडगी कमी. मी म्हटलं, पप्पा, तुम्ही तर धुतल्यावर आटलात. ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, उजवा हात डाव्यापेक्षा अर्धा इंच कमी. मी म्हटलं, एकाच बाजूने कसे काय आटलात? ते म्हणाले, सांगतो तेवढं लिही, शहाणा. त्या मापांवर मी पेडल आणि स्टेअरिंग वेल्ड केलं. ते दारात खुर्ची टाकून बघत बसले होते. झाल्यावर मान हलवली, कोटाची कॉलर बरोबर बसली की हलवायचे तशी.

काल शेडमध्ये गेलो. म्हटलं, रविवारी गाडी जाणारच आहे, तर निदान पप्पांच्या ड्रॉइंगप्रमाणे सीट ठेवून एकदा बसून तरी बघू. गुडघे थेट स्टेअरिंगला. मी उंट आहे, म्हणून मनावर घेतलं नाही. मग खुंटीवरची पप्पांची पँट आणली आणि सीटवर बसल्यासारखी मांडली. तिचे पाय पेडलच्या पार पुढे गेले. मी तसाच बघत उभा राहिलो. माणूस बारीक होईल गं, पण नडगीचं हाड कसं आखूड होईल? एवढं तर माझ्यासारख्या नापासालाही कळायला हवं होतं.

मग तो उजवा हात आठवला. आपल्या घरात एक बाही अर्धा इंच आखूड कुणाची शिवतात? लहानपणी झाडावरून पडून तुझा उजवा हात मोडल्यापासून पप्पांनी तुझ्या प्रत्येक कपड्याला तसंच केलं. शाळेत कधी कुणाला कळलंही नाही. तुझ्या मुलाखतीच्या कोटाचं कागदी कटिंग दुकानात खिळ्याला अजून लटकलेलं आहे. ते खाली काढलं, स्क्रीनसमोर बसलो आणि एकेक माप जुळवलं. खांदा, हात, कंबर, सगळं तेच. शेठच्या मिशा मी काल पुसून टाकल्या, तुला शोभत नव्हत्या.

आईला दाखवलं. तिने कटिंगचा कागद मांडीवर घेऊन हाताने सरळ केला, घडी पडली होती तिथे दोनदा. मग काकाला फोन लावला आणि म्हणाली, रविवारी टेम्पो आणू नका भावजी, गाडी गिऱ्हाइकाची आहे.

म्हणून हे पत्र. उजव्या बाहीचं कटिंग सोबत घातलंय, आपल्या हाताला लावून बघ, म्हणजे मी थट्टा करत नाही हे पटेल. ड्रिल तयार आहे, पण भोकं मी पाडलेली नाहीत. ट्रायल झाल्याशिवाय शेवटची शिलाई मारायची नाही, हा आपल्या दुकानाचा नियम. तू येऊन बस, पाय पेडलवर ठेव, मी खाली आडवा होऊन खडूने खुणा करतो. त्या वेळी माझं उतू गेलंच तर तोंड झाकायला वेल्डिंगचा मुखवटा शेडमध्येच आहे. तुझ्यासाठी दुसराही आहे.

तुझाच,
टेप गळ्यात घालून बसलेला
काड्या