मधल्या स्पीकरचं दुखणं

११ जानेवारी, रविवार

लिन्सीचा फोन. डब्लिनला कडाक्याची थंडी म्हणे. आमच्या लेकीची विचारपूस म्हणजे हजेरीच, एकेकाचं नाव घेऊन. अम्मचीचे, म्हणजे आईचे, गुडघे? — जिना चढवत नाही, बाकी बरे. तुमचा खोकला? — सकाळी येतो, चहा पिऊन जातो. शेजारच्या दिवाकरन माशांचा, म्हणजे मास्तरांचा, पाय? — प्लास्टर निघालं, काठी राहिली, जीभ पहिल्यासारखीच. गाय? — गाभण आहे, मजेत आहे. आणि मग हळूच, "अप्पच्चन, पेटी कशी आहे?"

पेटी आजारी आहे.

पेटी म्हणजे जावयाने, जिजोने, ख्रिसमसच्या सुट्टीत आणून बसवलेला रिसीव्हर. त्याला पाच स्पीकर, एक घुमणारा डबा आणि भिंत व्यापणारा टीव्ही. आमची नात ॲनमरिया, तिचं लग्न सात फेब्रुवारीला तिकडेच. आम्हा दोघांना व्हिसा मिळाला नाही. म्हणून ही सोय. "चर्चच्या पहिल्या बाकावर बसल्यासारखं दिसेल," जिजो म्हणाला, आणि सुट्टी संपवून निघून गेला. त्याची पाठ फिरली आणि पेटी अंथरुणाला खिळली. चित्र मध्येच काळं होतं. मागे भुंगा अडकल्यासारखी गुणगुण. आणि माझ्या बायकोची, रोसाकुट्टीची, तक्रार वेगळीच — "आवाज येतो हो, शब्द येत नाहीत."

ॲनमरियाला शाळेत जाईपर्यंत हिनेच वाढवलं. लग्नाचं वचन आपल्या मल्याळममध्येच म्हणेन असं पोरीने अम्माम्माला, तिच्या या आजीला, कबूल केलंय. ही म्हणते, "मला साड्या बघायच्या नाहीत, पंगती बघायच्या नाहीत. तिचं ते एक वाक्य नीट ऐकवा, बस."

ऐकवीन. आयुष्यभर पेरुन्नाळच्या, चर्चच्या जत्रेच्या, मांडवात माडांवर भोंगे बांधले मी. गावाला देव ऐकवला, नात ऐकवता येणार नाही?

१२ जानेवारी, सोमवार

पुस्तिका वाचली. निम्मी कळली, निम्मी अंदाजाने. सगळं असंच शिकलो. पहिला ॲम्प्लिफायर उघडला तेव्हा ते नाव मला लिहिताही येत नव्हतं.

१३ जानेवारी, मंगळवार

पहाटेचं धुकं आज उशिरापर्यंत सुपारीच्या बागेत बसून होतं. माश त्यातून काठी टेकत आले, आधी काठी दिसली, मग माश. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दारातूनच प्रश्न विचारतात.

"लोनप्पा, रोगी कसा आहे?"

"ताप उतरत नाही."

"मग कानाखाली एक ठेवून दे. माझ्या वर्गातली मुलं अशीच बोलायला लागायची."

रोसाकुट्टीने त्यांच्यापुढे काळा चहा ठेवला, त्यांच्या तोंडाकडे बघत हसली. "माश, त्यांतली दोन मुलं आता पोलिसात आहेत. जपून बोला."

"पोलिसात गेली ना? म्हणजे उपयोग झाला."

ते गेल्यावर मी रोसाकुट्टीला म्हटलं, माशांना मिशा कापायला सांगायला हव्यात, चहात बुडतात. ती म्हणाली, "खरंच. बोललेलं काही कळत नाही त्या मिशांतून." हसलो दोघं.

१५ जानेवारी, गुरुवार

एक कारण सापडलं!

संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत, पाऊस, घोडे बाजूच्या चौघांतून. माणसाचं बोलणं मधल्यातून. तो जिजोने टीव्हीखालच्या फळीवर ठेवला होता, आणि वर भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. देवाच्या पायाशी उघडा काळा डबा? रोसाकुट्टीला ते कसं बघवणार. तिने त्याला विणलेला जाळीचा रुमाल नेसवला, दुपदरी, पुढून खालपर्यंत, वर मातेची छोटी मूर्ती. सगळे संवाद त्या रुमालात अडकत होते, पिठाच्या चाळणीत कोंडा अडकावा तसे.

रुमाल काढला. मूर्ती बाजूच्या कोनाड्यात मांडली, फुलं तिनेच वाहिली. आता बोलणं कसं स्वच्छ, शेजारी बसून कोणी बोलावं तसं.

"आता?"

ती बघत राहिली. "थोडं बरं आहे."

थोडं?

१६ जानेवारी, शुक्रवार

गुणगुण आणि काळं होणं, दोन्ही गेलं. तसबिरीपुढचा लाल दिवा. लिन्सी परदेशी गेली त्या दिवसापासून तो विझू दिलेला नाही; वीज गेली तर रोसाकुट्टी मेणबत्ती लावते, पेट्रोल पंपावरच्या माणसासारखी जागती. जुना बल्ब गेला तेव्हा तिने पेरुन्नाळच्या दुकानातून नवा स्वस्तातला आणला. दुपारी व्होल्टेज डळमळलं तेव्हा दिवा लुकलुकला, आणि त्याच तालावर चित्र मिटलं. मी तिथेच टाळी वाजवली. बल्बच्या आतलं सर्किट लाइनवर कचरा फेकत होतं, आणि दिवा, पेटी दोन्ही एकाच बोर्डावर.

"बल्ब काढून बघू का जरा?"

"हात लावून बघा फक्त."

नाही लावला. पेटीची वायर स्वयंपाकघरातल्या लाइनवरून आणली. दारातून जाताना वायरीखाली वाकावं लागतं आता, पण घर शांत झालं. भोवताली इतकी स्वच्छ शांतता की पेटी बंद असतानाही काहीतरी ऐकू येईल असं वाटत राहतं.

१८ जानेवारी, रविवार

घरीच टीव्हीवर आमच्या चर्चची कुर्बाना, रविवारचा प्रार्थनाविधी, पाहिली. तिचे गुडघे म्हणून हल्ली असंच. सुरुवातीला ती अच्चनबरोबर, फादरांबरोबर, ओठ हलवत प्रार्थना म्हणत होती, एकही शब्द मागेपुढे नाही. मला वाटलं, झालं काम. मग अच्चन वेदीकडे वळले, पाठमोरे, आणि ही म्हणाली, "गेला बघा. आवाज गेला."

मला येत होता. जरा दबका असेल. वेदीवरचा माइक हलका असणार.

१९ जानेवारी, सोमवार

दुपारी खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात मी माडावर भोंगा बांधत होतो. खाली पाणीच पाणी, शेतं बुडालेली, लोक होड्यांतून चर्चला निघालेले. भोंग्यातून ॲनमरियाचा लहानपणीचा आवाज येत होता, पण तो कानाला नाही, तळव्यांना लागत होता, माडाच्या खोडातून चढत. खाली होडीत रोसाकुट्टी. मी ओरडून विचारलं, येतोय का आवाज? तिने वर बघितलं, हात कपाळावर धरून, ऊन लागतं तेव्हा धरतात तसा.

जागा झालो तर पेटी चालू होती आणि समुद्राचा कुठला तरी कार्यक्रम. मासे.

२१ जानेवारी, बुधवार

नवं दुखणं. हिंदीतून आपल्या भाषेत आणलेली मालिका लावली होती. ती वैतागली. "ओठ एक बोलतात, आवाज दुसराच."

"अगं, डब केलेली आहे ती. ओठ कसे जुळतील?"

"मग मला कळणार कसं?"

मी मनात म्हटलं, मुळातच पेटी आवाज थोडा मागे ठेवत असेल. तशी एक सेटिंग असते, आवाज चित्राच्या मागेपुढे सरकवायची. बातम्यांवर लावून बघितलं. निवेदिका ओठ मिटते आणि शब्द संपतो, अगदी दार आणि कडी. माझ्या मते जुळलं.

बातम्यांना तिची तक्रार नव्हतीच.

२३ जानेवारी, शुक्रवार

एचडीएमआयची वायर बदलली. टीव्हीमागे अंग चोरून शिरलो आणि हाक मारली, "रोसाकुट्टी, बॅटरी धर." तीनदा. ढिम्म हलली नाही, समोर बसून शेंगा सोलत होती. लग्न झाल्यापासून माझ्या हाकेला ती अशीच ओ देते — म्हणजे देत नाही. बाहेर आलो, कोळिष्टकं डोक्यावर, तेव्हा म्हणाली, "हाक तरी मारायची."

पलीकडच्या गावात आज बाणांच्या मिरवणुकीचा पेरुन्नाळ. बँडचा आवाज शेतांवरून तुटक तुटक येतोय, वारा फिरला की मरतो, फिरला की पुन्हा उठतो. मी ओसरीत बसून ऐकत राहिलो. कुणी बांधलेत भोंगे कोण जाणे, उत्तरेकडचा एक उलटा लावलाय.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच. अच्चन वेदीकडे वळले आणि आवाज "गेला". आता मला ठाऊकच होतं, दोष चर्चचा. कपियार पोरिंजूला फोन केला. चर्चची घंटा, मेणबत्त्या, माइक, सगळं तोच बघतो.

"पोरिंजू, वेदीवरचा माइक बदल."

"लोनप्पेट्टा, ख्रिसमसला नवा घेतला. बाहेर रस्त्यावर ऐकू येतो."

"मग वायर सैल असेल."

"तुमच्या घरचा भोंगा सैल असेल," म्हणाला, आणि वर, "अच्चनना सांगू का, तुमच्यासाठी मागे वळून म्हणा म्हणून?"

फाजील.

२७ जानेवारी, मंगळवार

मधल्या स्पीकरचा आवाज वाढवत वाढवत पार टोकाला नेला. खिडकीच्या काचा बोलायला लागल्या. माश कुंपणापलीकडून — "लोनप्पा, आज माझ्या घरी टीव्ही न लावताच बातम्या झाल्या. तुझं अर्धं वीजबिल माझ्याकडून घे!"

रोसाकुट्टी कानाला पदर लावून उठली. "डोकं दुखलं. एवढा आवाज कशाला? मी शब्द मागतेय."

मग माझ्या शेजारी बसली. माझा हात तिच्या मांडीवर घेतला, पानासारखा उलटून बघितला. "राहू द्या आता. पोरगी दिसेल तरी. तेवढं पुरे झालं मला."

पुरे नाही झालं. मला कळतं की. पोरीला कडेवर घेऊन हिने तिला पहिला शब्द शिकवला तो दाराबाहेरच्या कावळ्याचा. "काक्का." दिवसभर म्हणायची दोघं. आणि आता ती पोर उभी राहून आयुष्याचं वचन म्हणणार, आणि ही समोर बसून नुसतं चित्र बघणार. इतक्या मांडवांत इतक्या लोकांना ऐकवलं, घरातल्या एका माणसाला ऐकवता येत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

काही केलं नाही. गाईला हात फिरवत बसलो. तिच्या पोटात वासरू हललं.

३० जानेवारी, शुक्रवार

स्पीकरांत मुंग्या शिरल्या. सकाळी पाचही सोडवले, घुमणारा डबासुद्धा, आणि अंगणात चटईवर उन्हात मांडले. ब्रश घ्यायला आत आलो. रोसाकुट्टी टीव्हीसमोर बसलेली. बातम्या लागलेल्या, निवेदिका समोर बघून बोलत होती. मला पाहून हिचा चेहरा उजळला.

"आज बघा! एकेक शब्द. जमलं शेवटी तुम्हाला."

घरात भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. दुसरा आवाज नव्हता; सगळे स्पीकर अंगणात होते.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, उजेडात, आणि सावकाश म्हटलं, "जमलं."

लग्न होऊ दे, मग त्रिशूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेईन. आज गोठ्यात जाऊन ॲनमरियाला निरोप धाडला: पोरी, वचन म्हणताना वेदीकडे नको, कॅमेऱ्याकडे तोंड कर. तोंडावर जाळी नको, ओठ दिसू देत. सावकाश म्हण. तिकडच्या अच्चनना आजच विचार, हवं तर मी बोलतो त्यांच्याशी. अम्माम्माला यातलं काही सांगू नकोस. उत्तर लवकर लिही.