न पाहिलेला आवडता सिनेमा

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढतेस, की अजून खालूनच नातीला हाका मारून भांडतेस? माझी तब्येत ठीक आहे. (भूक लागते, झोप येते, शर्टाची बटणं तेवढी एकेक करून मला सोडून चालली आहेत.) तुझी भावजय जाऊन सात महिने झाले. लोक म्हणतात, होते हळूहळू सवय. होतही असेल. पण एक गोष्ट मला काही केल्या पचत नाही, ती तुला ठाऊकच आहे: ती गेली त्या दुपारी मी थेटरच्या दारात उभा राहून तिकिटं फाडत होतो. तुम्ही दोघी डॉक्टरांकडून आलात तेव्हा ती म्हणाली होती, महिन्याभरात हिंडायला लागशील असं सांगितलंय. मग रजा कशाला टाकायची? मी आपला निर्धास्त. त्या निर्धास्तपणाचाच मला अजून राग येतो. असो. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी.

गेल्या आठवड्यात भर थेटरात माझी शोभा झाली, ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच कळवतो. आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की कर्मचाऱ्यांच्या आवडीचे सिनेमे लावायचे, आणि ज्याची निवड त्याने खेळाआधी पडद्यापुढे उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. ऑपरेटरने असा सिनेमा निवडला की ज्यात त्याचं मशीन एकदाही अडकलं नव्हतं. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी सगळ्यात आखूड सिनेमा निवडला (लवकर घरी जाता येतं). राहिलो मी. तुला म्हणून सांगतो, एकोणतीस वर्षं डोअरकीपर असून मी तोवर एकही सिनेमा पुरता पाहिलेला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पडद्यावर कुणीतरी मेलं आणि मी असे हुंदके दिले की हातातल्या बॅटरीचा उजेड भिंतीभर नाचायला लागला. लोकांनी ओरडा केला. मालकांचे वडील (तेव्हा तेच मालक) म्हणाले, रडायचं तर दाराबाहेर. तेव्हापासून उशिरा आलेल्यांना जागेवर बसवलं की मी बाहेर. दर गुरुवारी तुझी भावजय दुपारच्या खेळाला यायची, शेवटच्या रांगेत कडेला बसायची, आणि मला सुट्टी झाली की घरी जाताना अख्खी गोष्ट सांगायची. तीही अशी रंगवून की मला आपण स्वतः पाहिल्याचं समाधान.

म्हणून मी तिच्याच आवडीचा सिनेमा निवडला. दर्यावर गेलेला नवरा आणि त्याची वाट पाहणारी बायको. माईक हातात आला आणि दोन मिनिटांची चौदा मिनिटं कधी झाली कळलंच नाही. मी शेवटासकट सगळं सांगून मोकळा झालो (शेवट सांगायचा नसतो, हे मला आधी कुणी सांगितलं होतं का?). नवरा अकरा वर्षांनी परत येतो, बायको दार उघडते, नुसतं ताट वाढते. लोक चरफडले, मालकांनी कपाळाला हात लावला. मग मी पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि सिनेमा पाहिला. अक्का, तो नवरा येतच नाही गं. ती बाई म्हातारी होते, एक दिवस दार आतून लावून घेते, आणि सिनेमा संपतो.

बाहेर पडताना लोकांनी मला घेरलं. नवरा येणार या भरवशावर सगळे शेवटपर्यंत निवांत बसले होते, त्यामुळे दुप्पट रडले होते. एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही नक्की कुठला सिनेमा पाहिला होता?"

मी म्हणालो, "बायकोने सांगितला तो."

तसाच ऑपरेटरकडे गेलो आणि बाकीच्या सिनेमांचे शेवट विचारले. तो शर्यतीतला घोडा? मेला. ती आंधळी मुलगी, जिला पुढे दिसायला लागतं? लागत नाही. ते दोघे भाऊ? कोर्टात. पठ्ठ्या अगदी चवीने सांगत होता. त्या पहिल्या महिन्यानंतर एकोणतीस वर्षांत माझ्याकडे एकही माणूस दगावला नव्हता, आणि त्या एका दुपारी सगळे गेले. मी मशीनच्या खोलीत स्टुलावर बसून हसत सुटलो, मग रडलो, आणि या खेपेला मला कुणी बाहेर जा म्हणालं नाही. याला सोसायचं नाही म्हणून ही बाई दर गुरुवारी चालता चालता सगळ्यांना जिवंत करत होती.

पत्र फार लांबलं. गुडघ्यांना जप. नातीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. माझ्या हातात पुन्हा माईक द्यायचा नाही असं मालकांनी सगळ्यांना बजावलंय. बरोबरच आहे त्यांचं.

ता.क. आणखी एक. सिनेमाचं नुसतं निमित्त, पत्र यासाठीच लिहिलं. डॉक्टरांच्या खोलीत तिच्याबरोबर तू होतीस. महिन्याभरात हिंडायला लागशील, असं ते खरंच म्हणाले होते, की तेही तिने घरी येईपर्यंत बदललं? मी रागावणार नाही, तुझ्यावरही नाही. एका ओळीत लिही.

ता.क. शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. तिने तुला शपथ घातली असेल तर मोडू नकोस. तुझं उत्तर आलं नाही म्हणजे मला कळेल.