जो चिठ्ठी लिहील, तो गाडीत बसेल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून करायला हवा, पण सध्या मला वाकायला मनाई आहे (कारण शेवटी सांगतो, आधीच शेवट वाचू नकोस). भावोजींच्या गुडघ्याची सूज आणि तुझा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो.

तुझं पत्र मिळालं. लेकीला माझ्या हाताखाली शिकायला पाठवली होतीस, जन्माची अडकवायला नव्हे. तेव्हा ती या कामाला नालायक आहे असं मी दोन ओळींत लिहून द्यावं, म्हणजे तिची खेड्यातली नेमणूक रद्द होईल, असं तू म्हणतेस. दोन ओळी कशाला, ताई? चांगला पानभर पुरावा देतो.

आमच्या दवाखान्याचा एकच नियम मी तिला आल्या आल्या सांगितला होता. रुग्णाला शहरात न्यायची चिठ्ठी जो डॉक्टर लिहील, त्यानेच रुग्णासोबत गाडीत बसून जायचं. (नियम माझाच. शहरात शिकून आलेल्या पोरांचा हात नाडीआधी चिठ्ठीकडे जातो, आणि गाडी एकच आहे.) तुझ्या लेकीने मान डोलावली आणि त्याच आठवड्यात पोट दुखणाऱ्या एका कुंभाराला चिठ्ठी लिहिली.

आपल्या घराण्यात गाडी कोणाकोणाला लागते हे तुला सांगायला नको. पहिली वळणं सुरू झाली आणि बाईसाहेबांचं डोकं खिडकीबाहेर. कुंभार बिचारा स्वतःचं दुखणं विसरून तिचं कपाळ धरून बसला. गाडीच्या धक्क्यांनी त्याच्या पोटातला वायू केव्हाच मोकळा झाला होता. रुग्णालयाच्या दारात वॉर्डबॉयने पांढऱ्याफटक पडलेल्या डॉक्टरणीलाच स्ट्रेचरवर निजवलं आणि ठणठणीत कुंभाराला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" तो म्हणाला, "मी पेशंट." कोणी विश्वास ठेवला नाही. सलाईन लागलं ते तिलाच.

हसलीस ना? मीही हसलो असतो. पण त्याच दुपारी दवाखान्यात एक बाळंतीण आली, रक्त थांबेना, आणि गाडी नाही. दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरून बसलो. हात बधिर झाले तरी काढायची सोय नव्हती. ताई, मला फार भीती वाटली. गाडी परतली तेव्हा तुझी लेक दारात उभी राहून सगळं बघत होती. मग माझ्या हातांच्या जागी स्वतःचे हात ठेवले आणि तशीच बाईबरोबर पुन्हा त्याच वळणांवरून गेली. गाडीवाला सांगतो, ओकतानाही तिने हात काढले नाहीत. बाई वाचली.

तेव्हापासून कार्टी दुसऱ्या टोकाला गेली आहे. पोटावर हात ठेवला की उचलायचं नाव नाही. म्हातारा सुतार शेवटी वैतागून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, माझं दुखायचं थांबलं, आता तुमचा हात दुखेल!" रांग रस्त्यापर्यंत जाते, जेवण निवून जातं. मी गुरू, मामा आणि वयाने थोर. तिन्ही नात्यांनी बजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. नालायकीला आणखी काय पुरावा हवा?

तुझा (सवडीनुसार) आज्ञाधारक भाऊ

ता. क. वाकायला मनाई का, ते राहिलंच. परवा माझ्या छातीत कळ आली. पित्त आहे म्हणून मी तिच्यावर ओरडलो. तिने कार्डिओग्राम काढला आणि चिठ्ठी लिहिली. मी ती फाडली. तिने दुसरी लिहिली आणि नियमाप्रमाणे सोबत बसली. वाटेत आम्ही दोघंही ओकलो, आळीपाळीने एकमेकांचं कपाळ धरून. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं इथल्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणतात. मी पुन्हा दवाखान्यात उभा राहीन असं त्यांना वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

आणखी एक ता. क. पत्र घेऊन आलेली तुझ्यासमोर उभीच असेल. मी इथे खाटेवर, ती तुझ्या दारात. म्हणजे आज तिकडे डॉक्टर कोणीच नाही. तुझ्या त्या दोन ओळी लिहायला माझा हात उचलत नाही (हे मात्र दुखण्यामुळे नव्हे). रागवायचं असेल तर इथे ये, मला पळून जाता येणार नाही. पण आधी तिला मनसोक्त झोपू दे. सकाळी गाडी दवाखान्याकडे परत निघेल, तेव्हा तिला अडवू नकोस. निघताना हलकंच काही खायला घाल आणि खिडकीजवळ बसव. तिला अजून गाडी लागते.