कोरडं डोकं

सोम. ३ नोव्हें., लोणावळा
आज बेडसे गावातल्या चौघी लॅबमध्ये आल्या. डोक्याला मेंदूच्या लहरी मोजायची टोपी, डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा. त्यात जंगल दिसतं. पिवळा पक्षी आला की बटण दाबायचं, लक्ष किती टिकतं ते आम्ही बघायचं. पक्षी सगळ्यांना दिसले, लहरी एकीच्याही मिळाल्या नाहीत. चौघींची डोकी तेलानं चपचपीत! सेन्सर टेकणार कसे? फोनवर दहादा सांगितलं होतं. सर भडकले. "या बायका वगळा, कॉलेजची मुलं घ्या." मुलांचं काय, ती आहेतच की सगळ्या अभ्यासांत.

गुरु. ६ नोव्हें.
बेडसेला गेले. चौघींतल्या थोरल्या हौसामावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, तेल का लावलं म्हणून.
"आगं पोरी, कोरडं डोकं सुतकात ठिवत्यात. घरात समदी जिती असताना तसं गावातनं जायाचं व्हय?"
शाळेच्या फोटोच्या दिवशी अम्मी दुकानाच्या पायरीवर बसवून वाटीभर खोबरेल थापायची. मी भोकाड पसरायचे, चिक्कीची गिऱ्हाइकं हसायची. सगळ्या फोटोंत माझं कपाळ चकाकतंय. परतताना बसमध्ये तिच्या बोटांची इतकी आठवण आली की...

शनि. ८ नोव्हें.
सरांना पटवलं. केस इथंच धुवायचे, वाळवायचे, मग टोपी. घरी जाण्याआधी तेल मी लावून देणार. "लॅब आहे की पार्लर?" म्हणाले. एकच संधी. लहरी नीट नाही आल्या तर बायका कायमच्या बाद.

मंगळ. ११ नोव्हें.
गरम पाणी, शाम्पू. ड्रायर सुरू झाल्यावर हौसामावशी हसून हसून बेजार. तिघींच्या लहरी आल्या! मावशींच्या मात्र मधेमधे तुटतात. सर उद्या बघून ठरवणार.
मग एकेकीला तेल लावलं. शेवटी मावशींची वेणी घातली, तर त्यांनी बाटलीच काढून घेतली.
"बस हितं. तुजं कोण गेलं गं? पयल्या दिसापासनं बघतीया, डोकं कोरडं."
अम्मीला जाऊन दीड वर्ष झालं. आमच्यात इतके दिवस काही पाळत नाहीत. तरी तेव्हापासून बाटलीला हात लावला नव्हता, आणि हे घरातही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बसले खाली. मावशी डोक्यावर तेल थापत होत्या, मी चौघींसमोर हमसून हमसून रडले.
सर काय ठरवतात कोण जाणे. उद्या मी केस धुणार नाही.