अकरा प्रकरणं सुखरूप आहेत

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. तो प्रत्यक्ष घालता येत नाही, कारण खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे. कागदावरचाच गोड मानून घ्या. तुमच्या हाताचा कंप कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबता, की नुसता टेबलावरून घरंगळवता? मामींची तब्येत विचारत नाही. त्यांना विचारलं की त्या माझीच विचारतात आणि तासभर निघून जातो.

पत्राला कारण असं काही नाही. (फोन असताना पत्र कशाला, म्हणाल, तर फोनवर तुम्ही मध्ये बोलता.) माझी आज्ञा ऑफिसात पास झाली, एवढंच कळवायचं होतं. आज्ञा म्हणजे काय, ते सांगते. संगणकाला एक कपाट असतं आणि एक टेबल. कपाटात ठेवलेलं वर्षानुवर्षं राहतं, पण ठेवायला-काढायला वेळ लागतो. टेबलावरचं झटकन हाताशी येतं, पण वीज गेली की टेबल पुसून लख्ख. हे टेबल म्हणजे मेमरी. तिच्यातच एक तात्पुरता कप्पा थाटून द्यायचा, तोही काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून, असा छोटासा प्रोग्रॅम मी चार महिने करत होते. 'मांड' लिहून कप्प्याचं नाव दिलं की कप्पा मांडला जातो, 'आवर' लिहिलं की आवरला जातो. दोन शब्दांना चार महिने लागले म्हणून हसू नका. तुम्ही एका स्क्रूपायी अख्खी दुपार घालवायचात.

आमचे साहेब (आम्ही त्यांना बारीकराव म्हणतो, वजन नव्वद किलो, पण नजर बारीक) यांचं मत असं, की चांगल्या आज्ञेने फार बोलू नये. काम झालं तर गप्प बसावं, बिघडलं तरच एक ओळ बोलावी. मला हे इतकं पटलं, की मी तिला नको तितकी अबोल केली. आधीच भरलेल्या कप्प्यावर कोणी मांडायला सांगितलं, तर तिने निदान विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही, कारण मलाच ते सुचलं नव्हतं.

आता तुमच्या पुस्तकाकडे वळते. (घाबरू नका, वर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.) रविवारी सकाळी शेवटची चाचणी घेताना बोटांना सवयीचं नाव सुचलं आणि मी कप्पा मांडला तो थेट 'मामा' या नावावर, म्हणजे कपाटात जिथे तुमच्या एक्केचाळीस वर्षांच्या घड्याळदुरुस्तीची अकरा प्रकरणं मी टाइप करून ठेवली होती. आज्ञा अर्थातच गप्प. दुपारी तुमचा फोन आला आणि तुम्ही बारावं, शेवटचं प्रकरण सांगितलंत: तुमच्या हातून दुरुस्त न झालेल्या एकमेव घड्याळाचं. लग्नाआधी मामी ते दुकानात घेऊन आल्या, तुम्हाला त्यातलं काही उमगेना, आणि 'पार्ट यायचाय' म्हणत तुम्ही त्यांना खेपा घालायला लावल्या. मामी शेजारच्या खोलीत, म्हणून तुम्ही इतक्या दबक्या आवाजात सांगत होतात, की मी फोन कानाला घट्ट धरून एका हाताने टाइप केलं, 'मामा'मध्ये ठेवलं आणि आत न डोकावता लॅपटॉप मिटला.

सोमवारी ऑफिसात दहा जणांसमोर आज्ञा दाखवायची होती. भरलेला कप्पा कसा दिसतो ते दाखवावं म्हणून 'मामा' उघडला, तर आत एकटं बारावं. बाकी अकरा गायब! मामा, सगळ्यांच्या देखत मला रडू फुटलं. बारीकराव उठले, त्यांनी मला खुर्चीसकट बाजूला सारलं आणि मी तोंड उघडायच्या आत दोन बोटांनी 'आवर' टाइप केलं. अकराच्या अकरा जागच्या जागी! एका कप्प्यावर दुसरा मांडला की खालचं नुसतं झाकलं जातं, नाहीसं होत नाही. "चादर उचलली की खाली गादी असतेच," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. आता 'मांड' आधी विचारते: कप्पा रिकामा नाही, तरी मांडू का? पुढच्या महिन्यापासून सगळं ऑफिस ती वापरणार आहे. मला फार, फार बरं वाटतंय.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
चिमटी

ता. क. अकरा प्रकरणं सुखरूप आहेत, असं मी लिहिलं. तुमचं पुस्तक बारा प्रकरणांचं आहे. 'आवर' म्हटलं की टेबलावरचं पुसलं जातं, आणि टेबलावर बारावं होतं. हे मी बारीकरावांनाही अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक ता. क. हात कापतो, म्हणून लिहून पाठवा म्हणत नाही. एकदा सांगतानाच तुम्ही किती अडखळलात, ते मी ऐकलंय. पण मला ते माझ्या आठवणीतून जुळवायचं नाही, तुमच्याच तोंडून हवंय. चार दिवसांची रजा टाकली आहे, शनिवारी येते. पुन्हा सांगाल ना?

शेवटचा ता. क. दबक्या आवाजाची आता गरज नाही. काल मी फोन केला तो मामींनी उचलला, आणि माझ्या पोटात काही राहिलं नाही. त्या म्हणाल्या, "पार्टबिर्ट काही यायचा नाही, हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. पुढच्या सात खेपा मी कशाला घातल्या, ते विचार त्यांना. आणि तेही लिही."