पंप बंद असल्याचा कागद

जहाजावरून,
३ जानेवारी

चि. बदकास मामाचे भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र आज इथल्या बंदरातल्या आमच्या एजंटने हातात दिलं. ऑफिसच्या मेलवर घरचं लिहिलं की कॅप्टनपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे वाचतात, म्हणून आपला कागदच बरा. तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय आहेत, पण खुशाली कळली.

बातमी अशी, की आमच्या जहाजावर जावईबापू आलेत. म्हणजे इंजिनरूमच्या भिंतीवरची एक पेटी. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणारे आमचे दोन मोठे पंप, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, पूर्वी गरज असो नसो, पूर्ण जोरात धावायचे. आता पाणी किती गार आणि इंजिन किती तापलंय हे बघून कोणता पंप किती चालवायचा ते ही पेटीच ठरवते. वीज वाचते, म्हणजे तेल वाचतं, ऑफिस खूश. कोणाचं ऐकायचं नाही आणि सगळ्यांनी मर्जी सांभाळायची, म्हणून मी नाव ठेवलं जावईबापू.

तेल वाचवायचा दुसरा उपाय म्हणजे तू. तळाला इतकं शेवाळ आणि शिंपले चिकटलेत की जहाज चिखलातून चालल्यासारखं जातंय. २६ फेब्रुवारीला तुमच्या बंदरात तळ घासून घ्यायचा हुकूम आलाय. मामाच्या जहाजाचं पोट तूच खाजवणार तर! घाबरू नकोस. पाणबुडा खाली असला की चीफ इंजिनिअर म्हणून मी त्या बाजूचा पंप बंद करतो, 'माणूस पाण्यात' ही पाटी लावतो आणि तशी कागदावर सही देतो.

ताईला मी अजून हेच सांगितलंय, की तू धक्क्यावर वही घेऊन उभी असतेस. ही थाप मला पचत नाही. तू पाण्यात असशील त्या दिवशी इथे मी दहादा घड्याळ बघतो, मग ती तर आई आहे. तूच तिला सांगून टाक.

लोभ आहेच, तो टिकवायचा तर पत्र जरा मोठं लिही.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

ती. मामास बदकाचा पाण्याबाहेरून नमस्कार.

जावईबापूंचं वाचून हसले, आणि मग हसू पळालं. का ते सांगते. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

गेल्या मंगळवारी एका मालवाहू जहाजाखाली होते. खाली हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत, तुला माहीत आहेच. तळ चाचपत, ब्रश फिरवत पाणी आत घेणाऱ्या जाळीपाशी आले. पंप बंद असल्याचा सहीचा कागद वर आमच्या मुकादमाच्या खिशात होता. मी जाळीवर डावा हात टेकवला आणि पाणी ओढायला लागलं. आधी हळू, मग हात उचलेना. हातमोजा जाळीत गेला आणि हात त्यातून निसटला, म्हणून हे पत्र तुला मिळतंय. अख्खं अंग जाळीला चिकटलं असतं, तर पंप थांबेपर्यंत कोणालाच सोडवता आलं नसतं.

मुकादम म्हणाला, भरतीची ओढ असेल. त्या जहाजाचा चीफ शपथेवर सांगत होता की पंप त्याने स्वतःच्या हाताने बंद केला, पाटीही लावली. खोटं बोलत नव्हता रे, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मात्र तेव्हापासून मोरीत पाणी वाहून जाताना दिसलं तरी दोन पावलं मागे सरते.

निघताना त्यांच्या एका खलाशाने सांगितलं की त्यांच्याकडेही तेल वाचवणारी नवी पेटी बसली आहे. म्हणून तुला विचारते. पाटी आपण माणसांसाठी लावतो. तुझे जावईबापू ती वाचतात का?

उत्तर लवकर दे, आणि माया असेल तर या खेपेला चिडवू नकोस.

तुझी,
बदक


५ फेब्रुवारी

चि. बदकास आशीर्वाद.

बंदरात टेकल्या टेकल्या तुझं पत्र मिळालं. फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणजे पाण्यात असशील. जहाज परत निघाल्यावर नीट कळवायला जमणार नाही, म्हणून हे सविस्तर.

पाणबुडा खाली आहे असं धरून मी सगळं केलं. डावा पंप बंद केला, पाटी लावली, कागदावर सहीसुद्धा केली, आणि खुर्ची टाकून समोर बसलो. वीस मिनिटं काही नाही. तिसाव्या मिनिटाला मला स्वतःचंच हसू यायला लागलं. चाळिसाव्या मिनिटाला उजवा पंप कमी पडला आणि जावईबापूंनी डावा चालू केला. कोणी हात लावला नव्हता. मी बंद केलेला पंप त्यांच्या लेखी नुसता विश्रांती घेत होता.

ही पेटी आल्यापासून दोन बंदरांत मी तपासणीसाठी पाणबुडे खाली सोडलेत, हाच कागद सही करून. ते सुखरूप वर आले ते काही माझ्यामुळे नव्हे.

ऑफिसला कळवलं. उत्तर आलं, पेटी बनवणाऱ्यांना विचारतो, तोवर बोभाटा नको. तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. तू मात्र ऐक. कागदावर विसंबू नकोस. पंपाचे फ्यूज काढून कोणीतरी खिशात घातल्याशिवाय कुठल्याही जहाजाखाली उतरू नकोस. मुकादम चिडला तर चिडू दे, काम गेलं तर जाऊ दे. आणि ताईला आजच्या आज सांग.

मी घाबरलोय, बदका. तीस वर्षं इंजिनाच्या सोबतीने काढली, पण असा कधी घाबरलो नव्हतो.

मामा


१४ फेब्रुवारी

चि. लहान्यास,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, आधी बोलणी खा.

पोरीने सगळं सांगितलं, तुमची पत्रंही वाचायला दिली. धक्क्यावर वही घेऊन उभी असते म्हणे! दीड वर्षं मी शेजारणींना सांगत आले की आमच्या मुलीचं काम बसल्या जागचं आहे. मामा-भाचीने मिळून मला चांगलं मूर्खात काढलंत. छप्पन्न वर्षांचा झालास तरी तुझा कान पिरगाळायचा माझा हक्क गेलेला नाही.

तिला म्हटलं, घरी बस. ती म्हणाली, मग माझ्या जागी दुसरं कोणीतरी उतरेल. हल्ली ती बाहेर पडली की माझं कशात लक्ष नसतं, भाजीत दोनदा मीठ पडतं.

फ्यूज मागते म्हणून मुकादमाने तिला दोनदा घरी पाठवलं. तुझ्या जहाजाखाली मात्र तिला उतरायचंच आहे. मग ते फ्यूज तूच काढायचे आणि तूच धरून बसायचं. हाताखालच्यावर सोपवायचं नाही, चहाला उठायचं नाही. मी धक्क्यावर असेन. ती वर आलेली या डोळ्यांनी बघितली, की मग तुझ्यावर लोभ आहे की नाही ते ठरवीन.

ताई


इंजिनरूम,
२६ फेब्रुवारी, सकाळी अकरा

ती. ताईस लहान्याचा साष्टांग नमस्कार.

तू धक्क्यावर उभी आहेस, पण मला इथून दिसत नाहीस. बदक पावणेअकराला पाण्यात गेली. डाव्या पंपाचे तिन्ही फ्यूज माझ्या मांडीवर आहेत. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहितोय.

ती जिथे असेल तिथे तळावर हातोडीचे तीन ठोके देते, असं आमचं ठरलंय. आले की मी त्या जागी तळहात ठेवतो. तिच्या-माझ्यात फक्त बोटभर जाडीचं लोखंड आहे.

अकरा वीस. जाळीजवळून ठोके आले. लगोलग पेटीवरचा दिवा लागला. जावईबापूंना डावा पंप हवाय. थांबतात आणि पुन्हा मागतात. फ्यूज समोर दिसतायत, तरी मी ते मोजत बसलोय.

अकरा चाळीस. ठोके नाहीत.

अकरा बावन्न. नाहीत. हाताखालच्या एकाला वर बघायला पिटाळलं, तोही येईना. मला इंजिनरूम सोडता येत नाही, तू बजावलं आहेस; फ्यूज मुठीत घट्ट धरून बसलोय.

साडेबारा. आली. तू बघितलंच असशील. मागचा पंखा घासण्यात गुंग होती म्हणे, ठोके द्यायचे राहून गेले. ओल्या केसांनी खाली येऊन माझ्यासमोर हसत उभी राहिली. मला रागवायचं होतं, पण रडूच फुटलं. माझी मूठ उघडेना, तिने एकेक बोट सोडवून फ्यूज काढून घेतले.

आम्ही चारला निघतोय. तळ स्वच्छ झालाय, तेल कमी लागेल, ऑफिस अभिनंदन करेल. पेटीबद्दल अजून अवाक्षर नाही. आणि बदक परवा दुसऱ्या जहाजाखाली उतरणार आहे. त्यांच्याकडेही पेटी आहे, आणि तिथला चीफ कोण, मला ठाऊक नाही.

म्हणून सोबत दुसरं पाकीट आहे, ते त्या चीफच्या हातात द्यायचं. आधी त्यात पंप, पेटी, मिनिटं असं चार पानं लिहिलं होतं. मग वाटलं, महिन्यापूर्वी मला कोणी ती चार पानं दिली असती, तर मीही न वाचता बाजूला ठेवून सही केली असती. फाडून टाकली. आता आत एवढंच आहे, की फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, खाली उतरणारी माझी भाची आहे.

ताई, पाकीट तू स्वतः घेऊन जा. लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी ठेव. आणि तो माणूस तुझ्यादेखत फ्यूज खिशात घालेपर्यंत तिथून हलू नकोस.

तुझा,
लहान्या