लॅपटॉपची बटणं चालू झाली

दादा,

तुझ्या लॅपटॉपची अडकलेली चारही बटणं चालू झाली आहेत. नेलकटरच्या पात्याने ती अलगद उचलली, खालचा बिस्किटांचा चुरा ब्रशने काढला आणि आईच्या इंजेक्शनच्या स्पिरिटमध्ये कापूस भिजवून पुसून घेतलं. एंटरखालचं रबर फाटलंय, ते बटण जरा जोरात दाब.

बटणं तपासायला तुझी मेल उघडली, तर न पाठवलेल्या पत्रांत माझा अर्ज दिसला. लॅबमधल्या नोकरीचा. मी आईजवळ दवाखान्यात होते, म्हणून तुला पाठवायला सांगितलं होतं. "पाठवला गं, किती वेळा विचारशील?" असं तूच म्हणाला होतास. चार महिने मी समजत होते, त्यांनी मला नाकारलं. तू वर माझी समजूतही काढलीस.

मघाशी फोनवर विचारलं, तर निदान "विसरलो" म्हणशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "तू गेली असतीस तर आईचं कोणी केलं असतं?"

एकदा मला विचारायचं होतंस. कदाचित मी आपणहून थांबले असते.

मी आठ दिवस मैत्रिणीकडे जातेय. शेजारच्या काकू सहापर्यंत आईजवळ बसतील, पुढे तू. जेवणानंतर गोळ्या दे आणि दर दोन तासांनी तिची कूस बदल, रात्रीसुद्धा.

मी का गेले ते आईला तूच सांग. पण तिला कंटाळून गेले असं म्हणू नकोस. तेवढं तरी खोटं बोलू नकोस.